अकरा सेकंद

गोळीबार चौकातून आत, हेडाऊंच्या दुकानात
पंख्याखाली उघडी पडलेली पेटी,
भाता उंदरांनी कुरतडलेला, पितळ कळकून हिरवं.
"हाव ना मॅडम, हेच थे," ते म्हणाले,
"बाईच्या रेकॉर्डात आज्यानं हेच वाजोली.
कोनाले हात लावू नाई देल्ला मंग."
मी पांढरी तीन दाबली.
सूर आला आणि त्याच्या काठाला
माशी चिकटल्यासारखा भणभणला.

मला तिथंच स्टुलावर बसावं लागलं.

रत्नीबाई कामठीकर, मुलतानी, एकच बाजू,
तीन मिनिटं दोन सेकंद.
वझलवार गुरुजींच्या धंतोलीतल्या खोलीत
मे महिन्याच्या दुपारी, कूलरमधलं पाणी संपलेलं असताना
ती तबकडी लागायची,
आणि पंचमावर ही माशी.
आम्ही हसायचो.
गुरुजी म्हणायचे, चरा आहे रेकॉर्डला, तानेकडे लक्ष द्या.

चरा फेरा मोजून येतो.
ही फक्त पंचमावर बसते.
एवढं एक वाक्य वहीत लिहायला
मला चाळिशी उलटावी लागली.

तबकडीत षड्ज काळी पाच,
म्हणजे पंचम पांढरी चार.
पण पेटीची चार स्वच्छ वाजते.
भणभणते ती तीन,
आणि तीन हा पांढरी सहाचा पंचम.
हेडाऊंचा चहा गार होईपर्यंत
मी बोटांवर पुन्हा पुन्हा मोजलं.
म्हणजे बाई सहात गात होत्या.
मेण कापणारं यंत्र त्या दिवशी सावकाश फिरलं,
आणि नव्वद वर्षं आपण घाईनं ऐकलं.

रात्री लॅपटॉपवर गती उतरवली.
तीन मिनिटं तेरा.
आवाज रुंद झाला, खाली आला,
पंचविशीतली बाई
माझ्या वयाची झाली.
आणि ती तान. एका दमातली, आमच्या घराची खूण.
तिच्यासाठी मी नासुप्रच्या तलावात
पाण्याखाली आकडे मोजले होते.
तिच्यासाठीच शिरीष पिंपळापुरेनं गाणं सोडलं,
महावितरणमध्ये लागला.
त्या तानेच्या मधोमध, तीव्र मध्यमानंतर,
बाईंनी श्वास घेतलाय.
इतका उघड,
की दारात कुणी चप्पल काढावी.

गुरुजींना सांगायला पाच आठवडे गेले.
शहाऐंशी वर्षांचे, खाटेवर, गळ्याला मफलर मे महिन्यातही.
हेडफोन नको म्हणाले, मोठ्यानं लाव.
ऐकलं.
पुन्हा लाव म्हणाले.
खिडकीबाहेर भंगारवाला ओरडत गेला.
"मग मी," ते म्हणाले, "कुणासारखा गायलो गं?"

याचं उत्तर वहीत नव्हतं.

सायंटिफिक सभागृहात परवा सहात गायले.
एक पट्टी खाली येणं म्हणजे काय, ते गळ्याला विचारा:
ओळखीच्या जिन्याची पहिली पायरी
अंधारात सापडत नाही.
निषादाजवळ चुकले एकदा.
मग तान आली, मध्यम आला,
आणि मी थांबले.
श्वास घेतला, लपवला नाही.
त्या फटीतून गंधार दिसला,
कोमल, जरा आणखी उतरलेला,
इतकी वर्षं ज्याच्यावरून मी धावत गेले होते.

बाहेर पोह्यांच्या टपरीवर एक जाणते म्हणाले,
छान झालं, पण
तयारी आधीसारखी नाही राहिली.
मी तर्री वाढवून घेतली.

काल गुरुजींचा फोन.
तंबोरा सहात लावून आण म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही,
नुसती खरखर.
"नाही," म्हणाले, "एकदा
जुनीच लाव आधी.
सवयीची."